पायाळू

तपासणीचे पाद्री गावात उतरले त्या हंगामात आमच्या गावानं जितकी मिरची खाल्ली तितकी त्याआधी कधी खाल्ली नसेल. तीही घरात बसून नव्हे. उंबऱ्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. बाया वाडगं मांडीवर घेऊन रस्त्याकडे तोंड करून बसायच्या आणि आत हाक मारायच्या, "अगं, मीठ आण गं! मीठ कमी पडलंय!" मीठ मुळीच कमी पडलेलं नसायचं. नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं, तरी चावत राहायच्या.

हसायला येतं आता, पण तेव्हा कोणी हसत नव्हतं. रविवारी चर्चच्या दारात हुकूम वाचून दाखवला होता. जो मीठ-मिरची सोडेल तो जुन्या देवांचा उपास करतो असं समजलं जाईल, आणि ज्याला हे ठाऊक असून तो सांगणार नाही त्यालाही तीच शिक्षा. शिक्षा कोणती ते समजावून सांगायची गरज नव्हती. चौकात खांब रोवला होता. शेजारच्या गावात दोन म्हाताऱ्यांचे केस कापून, त्याच खांबासारख्या एका खांबाला बांधून फटके मारले होते आणि मग त्यांना लिमाच्या बंद घरात पाठवलं होतं. त्या घरातून परत आलेलं माणूस आम्ही बघितलेलं नाही.

आणि नेमकं अशात माझ्या भावजयीला, मेन्सियाला, जुळं झालं. दोन्ही मुलगे. पहिला डोक्यानं आला, दुसरा पायानं.

चुम्पीमावशी आमची सुईण. दुसऱ्याचे पाय हाताला लागले तशी ती थबकली. मग तिनं मूल काढलं, पुसलं, आईच्या कुशीत ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लेओनोर, दार लावून घे."

मी दार लावलं आणि वर अडसरही घातला.

आम्ही वरच्या कुरणावरचे लोक, लामांमागे फिरणारे. इंका आले, त्यांनी सूर्याला हात जोडायला लावले, आम्ही जोडले. मग स्पेनचे आले, त्यांनी क्रुसाला जोडायला लावले, तेही जोडतो, आणि मनापासून जोडतो. पण या दोघांच्याही आधीपासून, खाली खोऱ्यात पहिला मका पेरला त्याच्याही आधीपासून, वीज पाडणारा आमचा आजोबा वर बसलेला आहे. त्याचं खरं नाव मी घेणार नाही. आजोबा म्हटलेलं त्याला चालतं. जुळं झालं की त्यातलं एक त्याचं असतं, आणि एक पायाळू असेल तर कुठलं त्याचं हे विचारायलाच नको. त्याचं लेकरू आपल्या घरात ठेवून घ्यायचं तर त्याची परवानगी मागावी लागते. आईबापांनी मीठ-मिरची सोडायची. एका कुशीवर निजून राहायचं आणि गुडघ्याच्या लवणीत पावट्याचा दाणा दाबून धरायचा. अंगाच्या उबेनं त्या दाण्याला कोंब फुटला की दुसरी कूस आणि दुसरा दाणा. दोन्ही फुटले की आजोबानं हो म्हटलं. नाही केलं तर तो आपलं लेकरू उचलून नेतो, आणि जाताजाता गावच्या बटाट्यावर गारा ओतून जातो.

मुलांचा बाप, म्हणजे माझा भाऊ लोरेन्सो, स्पेनवाल्यांच्या सक्तीच्या पाळीवर खाणीत गेला होता. तो जिवंत आहे की नाही तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणजे दोघांचा उपास एकट्या बाळंतिणीच्या अंगावर.

"करू नकोस," मी मेन्सियाला म्हटलं. "चौकातला खांब बघितलास ना? तुला लिमाला नेलं तर या दोघांना पाजणार कोण? मी? माझ्या अंगाला दूध आहे?"

ती भिंतीकडे तोंड करून आधीच उजव्या कुशीवर वळली होती. "खांब माझ्यासाठी आहे, वन्सं. वीज याच्यासाठी आहे. दाणा द्या."

चुम्पीमावशीनं दाणा दिला. माझं कोण ऐकतं! नवरा खाणीत गेलेला, कूस उजवली नाही, भावाच्या घरात चूल सांभाळून राहणारी बाई मी.

गावाला कळायला वेळ लागला नाही. बारशाला, बाळंतिणीला बघायला कोणी म्हणजे कोणी आलं नाही. पण सकाळी मागच्या दारी बघावं तर अळणी उकडलेल्या मक्याचं मडकं ठेवलेलं असायचं. एकदा अळणी बटाटे होते. कोणी ठेवले ते आम्ही विचारलं नाही. उंबऱ्यावर बसून मिरच्या चावत रडणाऱ्यांपैकीच कोणीतरी असणार. मेन्सियानं उपास केला तर पाद्री गावाला धरणार आणि नाही केला तर गारा येणार, म्हणून गाव पुढच्या दारानं एक आणि मागच्या दारानं दुसरं बोलत होतं. मला त्यांचा फार राग यायचा. मडकं मात्र मी आत घ्यायचे.

मग गास्पार आला.

गास्पार आमच्याच भाऊबंदांतला, पण चर्चचा माणूस. घंटा वाजवणं, कोण प्रार्थनेला आलं नाही ते सांगणं, जन्म-मरण कळवणं त्याच्याकडे. दारातच उभा राहिला. आत बाळंतीण भिंतीकडे तोंड करून पडलेली त्याला दिसत होती. त्यानं नजर छपराकडे वळवली.

"लेओनोर, मला कळवावं लागलं. जुळं लपवता येत नाही. दोघं एकदम रडतात, खालच्या आळीपर्यंत ऐकू येतं."

"बरं केलंस, गास्पारदादा. चर्चमधून मेणबत्ती-बिणबत्ती बक्षीस मिळाली का?"

"टोमणे नंतर मार. पाद्री उद्या इथं येतायत. बाप्तिस्मा इथंच करणार आहेत, बाळंतीण उठू शकत नाही असं मी सांगितलं म्हणून. आणि..." त्यानं मागे रस्त्याकडे वळून बघितलं. "येताना सूप आणणार आहेत. मीठ-मिरची घातलेलं. त्यांच्यासमोर तिनं सगळं खायचं आहे. जुळ्याची प्रथा त्यांना माहीत आहे. पावट्याच्या दाण्याचंसुद्धा माहीत आहे."

मेन्सिया भिंतीकडूनच बोलली. "मी खाणार नाही."

"मग मी काय करू?" गास्पारचा आवाज चिरकला. "माझ्या तीन लामा गेल्या पावसाळ्यात विजेच्या एका फटक्यात जळाल्या. मला काय आजोबाची भीती नाही? पण मी क्रुसावर हात ठेवून शपथ घेतलीय!"

तो गेला. चुलीमागे पाळलेल्या कुई, त्या सशासारख्या पण बिनशेपटीच्या, नेहमीसारख्या किलबिलत होत्या. मी दोन्ही मुलांकडे बघितलं. पायाळू जरा बारीक होता, कपाळावर आठ्या घालून झोपायचा, अगदी लोरेन्सोसारखा. याला वीज नेणार की याच्या आईला लिमावाले नेणार? यातलं एक झालं तरी हे घर संपलं, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

कल्पना माझी होती. पाद्र्यांनी मेन्सियाला कधी जवळून बघितलेलं नव्हतं. मी तिच्या जागी अंथरुणावर पडायचं, तिचं लुगडं, तिची शाल, शालीची टाचणी लावून. ती मागच्या कोठीत बटाट्याच्या राशीआड, त्याच कुशीवर, त्याच दाण्यासकट. तोंड ओळखणारा एकटा गास्पार.

"गास्पारदादा बोलेल," मेन्सिया म्हणाली.

"बोलला तर मला नेतील. तुला नाही."

तिनं माझा हात धरून कपाळाला लावला. आम्ही दोघी रडलो नाही, कारण रडायला सवड नव्हती. तिला तशीच आडवी उचलून, गुडघा जराही सरळ होऊ न देता कोठीत न्यायचं होतं. चुम्पीमावशीनं आणि मी मिळून नेलं.

दुसऱ्या दिवशी पाद्री आले ते डोक्यावर ढग घेऊनच. पावसाळ्यात आमच्याकडे दुपार झाली की गडगडतं, त्यात नवल काही नाही. पण त्या दिवशी प्रत्येक गडगडाटाला मी पायाळूला जवळ ओढत होते.

मी क्रूर माणसाची तयारी ठेवली होती. आलेला माणूस मऊ होता. वयस्क, खोकणारा, आमची बोली पुस्तकातून शिकलेला. वाकून आत आला, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्या उशाशी जमिनीवर बसला आणि वाडगं स्वतःच्या हातात घेतलं.

"भगिनी, तू फार अशक्त झाली आहेस. मी तुझ्यासाठी अन्न आणले आहे."

असं कोणी बोलतं का? तरी मला हसू आलं नाही. त्याचा मऊपणाच मला जास्त भिववत होता. खेकसणाऱ्यापासून लपता येतं. हा फुंकर मारून सूप निववत होता आणि माझ्या डोळ्यांत बघत होता.

"गास्पार," तो मागे न वळता म्हणाला, "हीच मेन्सिया ना?"

दारातल्या गास्पारनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या मागे आभाळ काळंनिळं झालं होतं. त्यानं वळून त्या आभाळाकडे बघितलं. इतका वेळ बघत राहिला की पाद्र्यानं फुंकर मारणं थांबवलं.

"होय, स्वामी," गास्पार म्हणाला. "मेन्सियाच आहे."

मी खाल्लं. सुकवलेल्या बटाट्याचं घट्ट सूप, वरून खडेमीठ, आणि मिरची तर इतकी की जीभ बधिर झाली. एकेक घोट तो स्वतः भरवत होता. प्रत्येक घोटामागे विचारत होता. नवरा कुठं आहे? खाणीत. प्रार्थना येते का? येते. म्हणून दाखव. दाखवली. एकदा त्यानं पांघरूण सारखं करायचं निमित्त करून माझ्या गुडघ्याकडे हात नेला आणि पाय सरळ करायला सांगितला. मी केला. तिथं काही नव्हतं. त्याचा चेहरा उजळला.

मग बाप्तिस्मा. पहिल्या मुलाच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवला, त्यानं तोंड वेडंवाकडं केलं. पायाळूला घेतलं तेव्हा मी म्हटलं, "याचं नाव सान्तियागो ठेवा."

"नाही," पाद्री हळूच म्हणाला. "तुम्ही लोक सान्तियागो म्हणता तेव्हा त्या वीज पाडणाऱ्याला म्हणता, ते मला ठाऊक आहे. याचे नाव दिएगो." आणि मग मूल दोन्ही हातांवर धरून, मोठ्या, चर्चमधल्या आवाजात त्यानं विचारलं, "या बालकाची आई कोण?"

"मी," मी म्हटलं.

त्याच क्षणी घराच्या माथ्यावर असा कडकडाट झाला की कोनाड्यातलं मडकं खाली आलं. पाद्र्यानं क्रूस केला. गास्पार दारातच गुडघ्यांवर बसला. पाद्र्याला वाटलं असेल, भक्तीनं.

"पुन्हा सांग. ऐकू आले नाही."

"मी आई आहे याची!" मी ओरडून सांगितलं.

तो प्रसन्न होऊन गेला. जाताना म्हणाला की या घराची त्याला यापुढे काळजी नाही.

मी धावतच कोठीत गेले. तोंडाची आग होत होती, डोळे गळत होते, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की मी हसायलाच लागले. "गेला! मेन्सिया, गेला तो! सगळं प्यायले मी, थेंब ठेवला नाही!"

मेन्सिया हसली नाही. बटाट्याच्या राशीआडून तिचा फक्त चेहरा दिसत होता, पांढराफटक.

"वन्सं," ती म्हणाली, "गडगडत होतं तेव्हा तुम्ही काय ओरडलात?"

मी शालीनं तोंड पुसलं. तिनं ते ऐकलं होतंच.

दुसऱ्या दिवशी पायाळूनं पिणं सोडलं. अंग तापलं. छातीला लावला की तोंड फिरवायचा आणि रडायचा तोही आवाज न काढता, नुसतं तोंड उघडून. पहिला मात्र गटागटा पीत होता. मेन्सियाचा दाणाही मऊ पडला होता. तिनं चाचपून बघितला, नाकाशी नेला आणि माझ्या हातावर ठेवला. कुजला होता.

चुम्पीमावशी आली. कोकाची पानं तोंडाशी धरून त्यांवर फुंकर मारली, शालीवर टाकली आणि आजोबाचा कौल बघत बसली. बाहेर ढग जमत होते. मी सारखी दाराकडे बघत होते, कारण पाद्री अजून गावातच होता आणि मावशीनं पानं टाकलेली दिसली असती तर तिघींनाही खांब होता.

"लपवायचं होतं एकापासून," मावशी शेवटी म्हणाली, "लपलं दोघांपासून. मेन्सियाचे कपडे, मेन्सियाचं अंथरूण. गास्पारनंही सांगितलं हीच मेन्सिया. आजोबानं काय बघितलं? आई मीठ खातेय. आई मिरची खातेय. आईनं दाणा टाकलाय."

"मग त्याला खरं सांगू," मेन्सिया उठूनच बसली. "मी अंगणात जाऊन ओरडून सांगते की आई मी आहे, मी काही खाल्लं नाही!"

"ओरड. पाद्री ऐकेल. आणि आजोबाला कळेल की तुम्ही त्याला फसवलंत. मीठ खाल्लेलं तो एक वेळ सोडेल. फसवलेलं सोडायचा नाही."

मुलाचा श्वास तेवढा ऐकू येत होता, बारीक, घरघरणारा.

"दुसरं काही नाही?" मी विचारलं.

मावशीनं पानं गोळा केली. एकेक करत, आमच्याकडे न बघता. "बोललंय ते खरं करायचं. त्याला जी आई दिसली तीच आई. लेओनोरनं आजपासून उपास धरायचा, पहिल्यापासून. चूक झाली, आता करते, म्हणायचं. पाद्री या घरात पुन्हा येत नाही. आणि हिनं," तिनं मेन्सियाकडे हनुवटी केली, "हिनं याला पाजावं, पण मामी म्हणून. याला बाळ म्हण, दिएगो म्हण. माझ्या पोरा म्हणायचं नाही. हा मोठा झाला तरी सांगायचं नाही. दोन आया ऐकू आल्या की संपलं."

"कधीपर्यंत?" मेन्सियानं विचारलं.

"आजोबा काय मरणार आहे?"

मी म्हटलं, "मावशी, जीभ आवर." पण ती चेष्टा करत नव्हती, आणि ते मला कळत होतं.

मेन्सियानं मुलाला घेतलं. त्याच्या कपाळावरच्या आठ्यांवर बोट फिरवलं, त्याचे पाय हातात घेतले, ते आधी आलेले पाय, आणि तोंडाशी धरले. काही पुटपुटली. काय ते मी ऐकलं नाही आणि विचारलंही नाही. मग तिनं त्याला माझ्या कुशीत ठेवलं, माझ्या गुडघ्याच्या लवणीत स्वतःच्या हातानं नवा दाणा बसवला, आणि म्हणाली, "वन्सं, हलू नका हं."

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. भीती तर होतीच, पण त्या भीतीतसुद्धा तो तापलेला जीव माझ्या पोटाला लागला आणि मला बरं वाटलं. कोणाचं तरी ओरबाडून घेतल्यासारखं वाटलं आणि तरी बरं वाटलं. मी हलले नाही.

दाण्याला कोंब फुटला. मग दुसऱ्यालाही. ताप उतरला. पाद्री पुढच्या गावाला गेला, खांब मात्र चौकातच राहिला. दिएगो मेन्सियाच्या छातीवर वाढला आणि माझ्या अंथरुणात निजला. दोघं भाऊ एका अंगणात रांगायचे. एक तिला आई म्हणायला शिकला. दुसऱ्याला ती म्हणायची, "चल, मामीनं पाजलं, आता आईकडे जा." सुरुवातीला हे म्हणताना तिचा आवाज फाटायचा. नंतर फाटेनासा झाला, तेव्हा मला ती जास्त परकी वाटायला लागली.

लोरेन्सो परत आला नाही. आला असता तर त्यालाही मामा व्हावं लागलं असतं, ते तरी टळलं.

पुढच्या पावसाळ्यातली दुपार. मी अंगणात लोकर पिंजत बसले होते, मेन्सिया कणसं सोलत होती. आभाळ भरून आलं होतं. दिएगो भिंतीला धरून उभा राहिला, भिंत सोडली, आणि पहिल्यांदाच आपल्या पायांनी चालत निघाला. माझ्याकडे नव्हे, तिच्याकडे. दुधाचा वास असलेल्या माणसाकडे. तिच्या गुडघ्यांना मिठी मारली, वर तोंड केलं आणि स्वच्छ, मोठ्यानं म्हणाला, "आई!"

डोंगरामागे गडगडलं.

मेन्सियाचे हात त्याच्याकडे निघालेले मी बघितले. मग तिनं त्याच हातानं त्याच्या तोंडावर फाडकन मारलं. त्याला तोवर कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. तो मागच्या मागे बसला, रडायचंच विसरला, आणि तिच्याकडे बघत राहिला. तोंडात शालीचा बोळा कोंबून ती आभाळाकडे बघत होती, त्याच्याकडे नाही.

"घ्या," ती शालीतून म्हणाली. "वन्सं, घ्या त्याला. लवकर."

मी लोकर टाकून धावले आणि त्याला उचललं.

"आले रे, आले," मी म्हटलं, जितक्या मोठ्यानं म्हणता येईल तितक्या मोठ्यानं. "ही बघ, आई आली."